भरती की सुकती

फळ्यावर मी नदी काढली: दोन समांतर रेघा,
मध्ये एक चौकोन, ती फेरीबोट.
वर चोडण, खाली रायबंदर.
पात्र सहाशे मीटर (आकडा मी ठोकून दिला),
बोट जाते, परत येते.
अंतर किती? विस्थापन किती?

बाराशे. शून्य.
नववी ब एका सुरात.
मी खडू ठेवणार, एवढ्यात तिसऱ्या बाकावरून
निकिता शांबा चोडणकर:
"टीचर, भरती की सुकती?"

तिचा बाप बोटीवर पात्रांव.
सुकतीला, ती म्हणाली, चोडणला येताना
नाक सरळ रँपवर धरले
तर बोट जाते खारफुटीच्या चिखलात.
वर, जुन्या गोव्याच्या अंगाला नेम धरायचा
आणि मग पाण्याला ढकलू द्यायचे.
"वाट वाकडी होते टीचर. सहाशे नाही."

मी रेघ वाकवली. किती वाकडी?
"वाऱ्यावर आहे. इंजिनावर आहे.
पप्पा दुपारी जेवले की नाही, त्यावर पण."
वर्ग हसला. मी पुसून पुन्हा काढली.

हाच शब्द
माझ्या बाबांच्या फाइलवर होता, सांग्याच्या कचेरीतला,
निळ्या शिक्क्याखाली: विस्थापित.
गाव धरणात गेले, आम्ही सतरा किलोमीटरवर,
प्लॉट नंबर एकशे बारा.
कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून
सरळ बाण ओढला असणार.
बैलगाडी त्या बाणावरून गेली नाही,
दोनदा चाक निखळले, आईने वाटेत तुळस बदलत्या हातांनी धरली,
एवढे मला आठवते.

मे महिन्यात पाणी उतरले की
बाबा सकाळी निघत, दिवेलागणीला परत.
शून्य, नववी ब म्हणाली असती.
खिशात कौलाचा तुकडा असे,
दर वर्षी एक. खिडकीत रांग लागली होती.
हे मी वर्गात कधी सांगत नाही.
परीक्षेत दोनच गुण असतात त्याला.

संध्याकाळी रायबंदरहून पाचचाळीसची बोट.
वर केबिनमध्ये शांबा, कानावर विडी, न पेटवलेली.
दिवसाच्या किती खेपा, किती वर्षे,
मी मनात गुणाकार सुरू केला
आणि सोडून दिला.

बोट सुटली, नाक वळवले
रँपपासून दूर, भलतीकडे.
भाड्याच्या स्कूटरवरचा पाहुणा घाबरून म्हणाला,
हा चुकला काय?

मी म्हटले, सुकती आहे.