बैठक

गाडी वकील खानविलकरांची. दोन माणसांची, विलायती,
रंग एकेकाळी लाल, आता जुन्या आमसुलाचा.
खानविलकर पाच फूट दोन इंच.
मी पाच अकरा, वजन विचारू नका.
शाळेत गोळाफेक शिकवते,
आणि देवगडातल्या निम्म्या चौकटींना माझं कपाळ ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी आत शिरले ती
बरणीत हात कोंबावा तशी.
गुडघे स्टिअरिंगच्या दोन अंगांना,
काच उतरवायचं हँडल मांडीत रुतलेलं,
आणि पुढच्या काचेची वरची पट्टी बरोब्बर डोळ्यांच्या रेषेत:
मान उंचावली तर नुसतं आभाळ,
वाकवली तर नुसतं बॉनेट,
रस्ता मधल्या लोखंडात गेलेला.
ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटरही दबायचा.
बाजारात कुणी म्हणालं, पेटी ल्हान, आंबो मोठो.
मी हसले.
हसायला मी फार लवकर शिकले होते.

कणकवलीपर्यंतच्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले.
मग बंदरावर, होड्या बांधणारे धाकू मेस्त्री.
त्यांनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही.
मला फळीवर बसवलं, पाठ भिंतीला,
आणि सुतळीला गाठी मारत गेले,
टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, कंबर ते डोळे.
"अंग चोरू नको गो," म्हणाले,
"चोरलेला माप घेवन मी काय करू?"

एसटीच्या सीटवर चोरलं होतं,
लग्नाच्या फोटोंत मागच्या रांगेत, गुडघे मुडपून,
शिंपिणीपुढे पोट आत ओढून.
शेवटच्या गाठीपाशी श्वास सोडला.
मेस्त्रींनी काही न बोलता ती गाठ सोडवली
आणि दोन बोटं पुढे बांधली.

मग आठ दिवस.
सीट उपटली, खालचे सरकते रूळ काढून टाकले,
तिथेच दोन इंच हाती आले.
उशीत काथ्या निघाला, काथ्यात दहा पैशांचं नाणं,
चष्म्याची एक काडी, कुठल्याशा खटल्याच्या तारखेची चिठ्ठी,
आणि वकिलांच्या बैठकीचा खळगा, तीस वर्षांचा, परातीएवढा.
मेस्त्रींनी उशी उचलून अंगणात ठेवली.
संध्याकाळी तिच्यात कोंबडी बसली.

फणसाची फळी घेतली,
होडीच्या कुशीसारखी आतून कोरली,
जरा मागे कललेली, बोल्टने थेट तळाशी जखडलेली,
वर बोटभर फोम.
स्टिअरिंग लहान बसवलं, दारातला कप्पा कापला,
पेडल एकमेकांपासून लांब वाकवले.
"पायात काय घालतंस?"
"बूट. नऊ नंबर."
"घालू नको. वल्ह्यावर कोण बूट घालून बसता?"

आत शिरायची रीतही त्यांचीच:
आधी बूड, मग पाठ, मग पाय, एकेक.
ओहोटीला होडीत चढतो तसं, सावकाश.

कुणकेश्वरच्या उतारावर टप खाली घेऊन गेले, अनवाणी.
वळणं काचेच्या मधोमध येत होती, एकामागून एक,
आणि पट्टीच्या वर, जिथे पूर्वी माझे डोळे असायचे,
तिथे समुद्राची कड.
वाटेत एका म्हशीनं मान वळवून पाहिलं.
तिच्याकडे मी नीट बघू शकले, न वाकता.

परतल्यावर मेस्त्रींना म्हटलं, घ्या, तुम्ही चालवून बघा.
बसले. पाय पेडलला पोचेनात.
पाठीशी जाळ्याचं गाठोडं ठेवलं, तरी नाहीत.
"ह्या होडयेत माका जागा नाय," म्हणाले,
आणि इतके खूश झाले
की मजुरीचे पैसे मोजायचे राहिले.

तिसरा गिअर टाकताना
डावा गुडघा अजून जरासा लागतो.
तेवढं तासून देतंय, म्हणाले.
राहू दे म्हटलं.
तिथवर मी आहे.