किती ओढणार?

ओरेस्ट हनाट्युक आला तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं
आणि त्याच्या जुन्या ट्रकच्या जाळीतून
हीटरची वायर लोंबत होती,
कुत्र्यानं तोंडात चप्पल धरावी तशी.

मी कॉफी दिली. मग नेहमीचा प्रश्न:
किती ओढणार?
एकोणीस वर्षं विचारतोय.
माणसं इथं हमखास खोटं बोलतात.
ज्यांच्याकडे बोट नाही ते बोटीचं वजन सांगतात.
एकानं तर मेव्हण्याचा नांगर मोजला होता.

ओरेस्ट काहीच बोलला नाही.
टोपी काढली, टेबलावर ठेवली,
पुन्हा घातली.

मी कागद पुढे सरकवला. तीन रकाने.
चार सिलिंडर, टर्बो. पितं कमी,
पण या भागात त्याच्याकडे सगळे
शहरातून आलेल्या जावयासारखे बघतात:
कामाचा आहे म्हणे, पण बोलत कसा नाही?
आठ सिलिंडर. हे बोलतं.
किती बोललं ते पंपावर कळतं.
आणि डिझेल. सगळ्यांत महाग, सगळ्यांत चिवट,
फक्त असल्या थंडीत
टाकीतल्या टाकीत थिजून बसतं.

‘डिझेल,’ तो म्हणाला.
‘सहा घोडे असायचे मागे. एडमंटनपर्यंत.
चढावरसुद्धा सूर बदलायचा नाही.’

असायचे.
मी पेन खाली ठेवलं.

व्हर्ना खिडकीशी पाठमोरी उभी होती,
लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
न वळता म्हणाली,
‘शेवटची घोडी ऑक्टोबरात गेली.
आता ओढायचं म्हणजे कचऱ्याचे दोन डबे,
मे महिन्यात टोमॅटोसाठी माती,
आणि एका आड एका मंगळवारी मी.’

मंगळवार म्हणजे रेजायना.
दोनशे किलोमीटर जायचं, हाताला नळी लावून
चार तास खुर्चीत बसायचं,
दोनशे किलोमीटर यायचं.

‘लिहा माझं वजन,’ ती मला म्हणाली. ‘अठ्ठेचाळीस किलो.
कपड्यांसकट.’

मी हसलो. हसायला नको होतं.
ती मात्र हसली, म्हणून बरं.

चावी घेतली चार सिलिंडरची.
ओरेस्टला मनात नव्हतं, पण निघालो,
मी मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीशी.
धान्याच्या कोठारांपर्यंत सरळ रस्ता,
दोन्ही बाजूंना बर्फ, वर बर्फाच्याच रंगाचं आभाळ.
त्यानं एकदा पेडल दाबलं, जरा रागानंच.
गाडी गेली. आवाज असा काही झाला नाही.

‘आता तू घरी आलास ते मला कळायचं कसं?’
व्हर्ना पुढं बघत म्हणाली.
‘डिझेल दोन मैलांवरून ऐकू यायचं.
मी बटाटे चढवायचे.
तू बूट काढेस्तोवर शिजलेले असायचे.’

‘काय?’ असं तो म्हणाला नाही.
डावा कान गेलेला माणूस, ती त्याच्या उजवीकडे,
आणि गाडी इतकी गप्प,
की त्याला सगळं ऐकू आलं.
तिचा श्वाससुद्धा,
जो शेवटी थोडा घरघरतो,
तोही त्याला ऐकू आला असणार.
मला मागं ऐकू येत होता.

परत आल्यावर त्यानं एकच विचारलं:
‘पहाटे चारला. उणे चाळीस.
पहिल्या फटक्यात चालू होईल?’
रात्रभर वायर लावली तर होईल, मी म्हणालो.
डिझेलवर माझं कमिशन जास्त असतं,
हे त्याला सांगायची गरज नव्हती.

सही करता करता थांबला.
‘ट्रेलरचा हुक लावून द्या.’
‘कशाला?’ व्हर्ना.
‘असू दे.’

हुकाचे साडेचारशे डॉलर होतात.
मी बिलात धरले नाहीत.
वर विचारलं तेव्हा म्हणालो, विसरलो.