नापास ठोकळा

मनोरीच्या खाडीवर माझ्या नावची एक भिंत आहे.
म्हणजे फलक वगैरे नाही,
फाइलीत, खाली उजव्या कोपऱ्यात:
'आरेखन – वि. ना. करगुटकर'.
दोनदा पडली. दोन्ही वेळा मी
सिमेंट वाढवून दिलं.

तिसऱ्यांदा मोजमापाला गेलो तेव्हा ओहोटी होती.
चांगुणाबाई वैती खडकावर उकिडवी,
कोयतीनं कालवं सोडवत होती.
सगळी नाही. हातभर अंतरावर
एखादं जून कालव जागच्या जागी.
"हे का ठेवलंत?"
"त्याच्यावर पोरं बसतान."
पुढं काही सांगायची गरज तिला वाटली नाही.

टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं,
धरल्या धरल्या भिंतीला नावं ठेवली:
"लय गुळगुळीत केलास, बाला.
पानी आपटतं नि दुप्पट होऊन मागं येतं."

पलीकडे तिवरं होती.
चिखलातून वर आलेली त्यांची असंख्य बोटं,
आणि त्यांच्यात शिरलेली लाट
गाभाऱ्यात शिरलेल्या पोरासारखी
आपसूक हळू झालेली.
वीस वर्षं मी ही जागा नकाशावर
हिरव्या तिरप्या रेघांनी भरत आलो होतो.

भिंतीच्या पायाशी एक ठोकळा पडलेला.
ओळखला. माझ्याच सहीनं नापास झालेला:
नीट कोचलेला नाही, अंगभर पोकळ्या.
साइटवर आम्ही त्याला हनीकोंब म्हणतो,
शिवी दिल्यासारखं.
कंत्राटदारानं रातोरात खाडीत ढकलला असणार.
आता पोकळीपोकळीत कालव,
कालवाच्या पाठीवर कालव,
एका फटीत खेकडा, बिनभाड्याचा.
हातोडी मारून पाहिली.
परत मारून पाहिली.
शेजारची पास झालेली भिंत
पायापासून खांद्यापर्यंत तडकली होती.

नवं आरेखन खळग्यांसकट सादर केलं.
साहेबांनी चष्मा वर केला:
"भोकांचा दर कुठल्या दरसूचीत आहे, करगुटकर?"
शेवटी दहा मीटर मंजूर, प्रायोगिक.
उरलेली नव्वद नेहमीसारखी.

अवसेच्या ओहोटीला जाऊन बघून येतो.
अजून काही नाही. थोडं शेवाळ,
एक पानपरागची पुडी.

परवा मात्र एका खळग्यात
कुणीतरी जुनं कालव दगडासकट बसवून गेलेलं,
दुधाला विरजण लावावं तसं.
मोजमापवहीत मी त्याची नोंद केली नाही.