पाठ फोटोत येत नाही

घोडपदेवला आप्पांचा स्टुडिओ होता तेव्हा
मुलांना तयार करायचं काम माझं.
वय अकरा. पगार, रविवारी एक बर्फाचा गोळा.

आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा
(तरी दोनदा चोरीला गेला),
वाटीत पाणी, पावडरचा डबा,
आणि एक कोट. निळा, सोनेरी बटणांचा.
सहा वर्षांच्याला तोच, बारा वर्षांच्यालाही तोच.
मागून मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे,
चार, पाच, हडकुळ्याला सात.
आप्पा म्हणायचे, पाठ फोटोत येत नाही.

मी नाकं पुसली.
कपाळावर ओघळलेलं खोबरेल टिपलं.
गालावर फिसकटलेलं काजळ
करंगळी थुंकीने ओली करून काढलं.
कुणाच्या दंडावर वळ असायचे,
त्यांच्यावर जरा जास्त पावडर.
विचारलं नाही.

एका शनिवारी एक बाई आली, डॉकयार्डकडून चालत.
दोन मुलगे. हिरामण आणि पोपट.
शर्ट एक.
तिसरं बटण नव्हतं त्याला.
कोट नको म्हणाली,
"ह्यांना कळेल, आपला नाही ते."
हे कुठे होते ते सांगितलं नाही.
पांढरा दोरा संपलेला. मी हिरव्याने बटण लावलं,
काळ्या-पांढऱ्यात कुणाला दिसतंय.

आधी हिरामण. पोटात श्वास कोंडून बसला.
मग पडद्यामागे शर्ट उतरला
आणि तसाच, अंगाच्या उबेसकट,
पोपटवर चढला.
आप्पा काळ्या कापडात शिरले,
इकडे बघ बाळ, इथून पक्षी उडेल.
पोपट म्हणाला, कुठला? मी तर इथे आहे.
बाई हसली, लगेच पदर तोंडावर घेतला.

नंतर हळूच म्हणाली,
दोघांचा मिळून एक निघेल का?

कोणी काही बोलेना.
हिरामण उघड्या अंगावर हात बांधून उभा,
कॉलरच्या जागेपुरतीच पावडर लावलेला.

अर्धी शाळा करून आलेली मी, गणवेशातच.
डार्करूममध्ये गेले, ब्लाउज काढला,
दाराच्या फटीतून बाहेर दिला.
मुलींचा. बटणं उलट्या बाजूची.
नीट बघितलंत तर दिसतं अजून,
थोरल्याचा शर्ट डावीकडून बंद होतो.
नीट कोण बघतं?
आईने पैसे मोजले, सगळी नाणी,
आणि बुधवारी येऊन फोटो घेऊन गेली.

मी मात्र तो निघताना पाहिला नाही.
आत लाल दिवा, हायपोचा आंबूस वास,
अंगावर काहीतरी हवं म्हणून
खिळ्यावरचा कोट घातला. पहिल्यांदाच.
आत शंभर मुलांच्या डोक्यांचं तेल.
बाह्या बोटांच्या पुढे,
मागे चिमटे लावायला कोणी नाही.

बाहेर आप्पा म्हणाले, हलू नका.
मीही हलले नाही.