सव्वा इंच

चिमट्याचा दांडा मी कापला तेव्हा सोळा वर्षांचा होतो.
भद्रकालीच्या भंगारातून एक बुटकी फ्रेम आणली होती,
तिच्या मानेतून दांडा सव्वा इंच वर डोकावत होता.
हॅक्सॉची दोन पाती तुटली, तिसरं टिकलं.
तुकडा फरशीवर पडला तेव्हा चटका बसेल इतका गरम होता.
फुंकर मारून खिशात टाकला.

वडील दुसऱ्या पाळीहून आले.
त्या दिवशी कुणाच्या तरी कॅरिअरवर बसून आले होते,
कारण मी सकाळी म्हणालो होतो, सायकल ठेवून जा, धुतो.
त्यांची चोवीस इंची हिरवी फ्रेम भिंतीला टेकून उभी होती,
पुढे चाक नाही, हँडल नाही.
त्यांनी डबा ठेवला. हात धुतले.
भाजी काय आहे, विचारलं.
दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या चाळीस मिनिटं आधी
जेल रोडवरून प्रेसकडे चालत निघाले.
चार महिने चालले. मग लुना घेतली.

बुटकी फ्रेम पुढे त्र्यंबक रोडला एका टेम्पोखाली गेली.
चिमटा तेवढा सरळ राहिला.
मीही राहिलो.

सातपूर, शनिवार. कंपन्या बंद,
रस्त्यावर कुत्री आणि कटिंग ऑइलचा वास.
उज्ज्वला बोरस्ते वडिलांच्या लेथवर चिंधी फिरवत होती.
दांडा उजेडाकडे धरून म्हणाली, कुणी कापला?
मी.
पातं तिरपं धरलं होतं.
होय.

मी खिशातून तो तुकडा काढला, बत्तीस वर्षांचा,
आटे अजून शाबूत. तिने तो बोटात फिरवला, परत दिला.
हा नाही चालायचा. एवढ्याशा तुकड्याला धरायला जागा नसते.
दुसऱ्या चिमट्याचा लांब आणा, जोड खाली घ्यावा लागेल.
वाढवायचा म्हणजे आधी आणखी कापायचा,
असं चहात साखर किती, विचारावं तसं म्हणाली.

मग एकाला आतून खरवडलं, एकाला बाहेरून,
दोन्हींची जाडी निम्मी होईतो,
आणि एक दुसऱ्यात शिरला,
हाताने ढकलला तर जाईल, झटकला तर निघणार नाही असा.
टाकणखार लावला. ज्योत निळी केली.
लोखंड आधी जांभळं, मग डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं,
तेव्हा तिने पितळेची सळी नुसती टेकवली.
पितळ आपण होऊन फटीत ओढलं गेलं,
सगळीकडून एक पिवळी कड तेवढी बाहेर उरली.
पाणी नका टाकू, ती म्हणाली. सावकाश निवू दे.
आम्ही तासभर बसलो. तिने मला मुलीच्या दहावीचे मार्क सांगितले.
निघताना बजावलं,
हँडलचा दांडा जोडाच्या खाली उतरला पाहिजे.
भार त्याने घ्यायचा, जोडाने नाही.

वडील आता अठ्ठ्याहत्तर. डावा गुडघा वाकत नाही,
सायकलवर बसायचा प्रश्नच नाही.
हिरवी फ्रेम गॅलरीत उभी केली, खुर्ची ओढून दिली.
पिवळ्या कडेकडे त्यांचं लक्ष जाणार नव्हतं,
ती आत झाकली गेली होती, हेड पाइपमध्ये.
त्यांनी हँडल डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं,
कान जवळ नेऊन पुन्हा डावीकडे.
वर छर्रे किती घातले?
पंचवीस. वाटी भरून.
एक कमी घालायचा असतो, म्हणाले,
फिरायला जागा लागते त्यांना.

मी पाना आणला. वरचा नट सैल केला,
टिचकीने एक छर्रा काढला,
तो बोटांतून निसटला, खुर्चीखालून टणटणत
गॅलरीच्या पन्हाळीत गेला.
दोघांनी वाकून पाहिलं.
मग ते म्हणाले, आता आवळ. जास्त नको.