पाणक्या

बारा वर्षं मी पाणी वाहिलं.
संघाच्या गाडीपर्यंत मागे यायचं,
आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, पाठीला, पोटाला, मानेखाली,
आणि दिवस भरलेल्या बाईसारखं सांभाळत
घोळक्यातून वाट काढत पुन्हा पुढे,
जिथे बास्तियान तहानलेला असायचा.
वारा समोरून आला की समोर मी.
त्याला आडोसा.
हे काम होतं, आणि ते मला यायचं.
शेवटच्या दहा किलोमीटरला बाजूला व्हायचो.
अंतिम रेषा मी बहुतेकदा
कमानीची हवा सोडायला लागल्यावरच पाहिली.

ऑक्टोबरात करार संपला. व्यवस्थापक फोनवर म्हणाला,
"योरिस, तू सोन्यासारखा माणूस."
सोन्यासारखा म्हटलं की समजावं,
आपण मोडीत निघालो.

त्या हिवाळ्यात पायांवर केस आले.
पस्तिसाव्या वर्षी स्वतःच्याच पिंढऱ्या
परक्याच्या असाव्यात तशा पाहत बसलो.
मांडीवर उन्हाची रेघ होती, खाली तांबूस, वर पांढरंफटक,
ती मार्चपर्यंत पुसत गेली.
डॉक्टरीण म्हणाली, हृदय मोठं झालंय तुमचं,
एकदम थांबू नका, हळूहळू उतरा.
मी विचारलं, कुठे?
तिला वाटलं, विनोद केला.

सहाला जाग यायची. कुणी बोलावलेलं नसायचं.
पास्ता काट्यावर मोजायचो. ऐंशी ग्रॅम.
मग आणखी ऐंशी. मग सगळं पाकीट.
ग्रीत काही बोलली नाही,
एके दिवशी काटा उचलून तिने माळ्यावर टाकला.
शाळेच्या कागदावर "वडील काय करतात" याच्यापुढे
फेनेने सायकल काढली.
दोन चाकं, घंटीसुद्धा.
वर बसलेला माणूस विसरली की मुद्दाम नाही काढला,
मी विचारलं नाही.

मग नगरपालिकेची बाई आली.
बुधवारी, सुपरमार्केटच्या मागच्या पार्किंगमध्ये,
बायकांना सायकल शिकवायची.
पैसे नाहीत म्हणाली. कॉफी आहे.

गुलालई बावन्न वर्षांची. कुंदूजची.
हँडल असं धरते, जसं ते शिंग मारणार आहे.
तिच्याकडे आमच्या भाषेतले दोनशे शब्द,
आणि मी त्यातले चारच वापरतो:
पुढे बघा, पायडल मारा.
ती चाकाकडे बघते.
मी मागून धावतो, सीट धरून.
धावणं मला कधीच आलं नाही.
आयुष्यभर गोल फिरलेले गुडघे
जमिनीवर आपटले की कुरकुरतात.
पण नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं:
वारा तिच्या अंगावर,
आडोशाला मी.

पाच बुधवार असेच. सहाव्याला सीट सोडली
आणि सांगितलं नाही.
ती गेली.
ट्रॉल्यांची रांग ओलांडून,
रिकाम्या बाटल्यांच्या हिरव्या टाकीला वळसा घालून,
पश्तोत मोठमोठ्याने काहीतरी म्हणत,
शिव्या असतील, नाहीतर देवाचं नाव.
ब्रेक शिकवायचे राहिले होते.
ते आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं.
कुंपणाची झुडपं दाट होती म्हणून बरं.

डोक्यावरच्या रुमालातला पाला झाडत ती उठली.
पिशवीतून बाटली काढली, एक घोट घेतला,
आणि बाटली माझ्यापुढे धरली.

हात कुठे ठेवावेत, मला कळेना.
पाणी कोमट होतं. वेलचीचा वास.
बराच वेळ मी पीतच राहिलो.

"परत," ती म्हणाली.
मी बाटली परत दिली.
तिने मान हलवली. हे नाही.
सायकल उभी केली, सीटकडे बोट दाखवलं.
"परत."