सात बाप

आमच्या भाषेत ही शिवी झाली असती.
इथे, अत-बाशीच्या वरच्या कुरणात,
असनकुलला विचारलं तर तो टोपी सारखी करतो
आणि उभा राहून सांगतो सात बाप:
ओमुर्झाक, बैसाल, तोकोई,
किदिर, एशिम, सारीबाय, चोरो.
मध्ये श्वास घेत नाही.
ज्याला सात येत नाहीत तो गुलाम, म्हणतात इथले.

जूनमध्ये मी त्याच्या गालाच्या आत कापसाची काडी फिरवली.
आता सप्टेंबर. घोड्या आटल्यात,
तंबूचे नमदे उतरवायला काढलेत,
आणि माझ्या पिशवीत त्याचा कागद आहे.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी पगार घेते तो विचारण्याचाच.

बाप मुलाला देतो ती एक पोथी, नकलून काढलेली;
आम्ही नकलणाऱ्याच्या डुलक्या गोळा करतो.
एक अक्षर चुकलं तांबड्या समुद्राच्या काठी,
एक कुठल्याशा हिमयुगात, रेनडिअरच्या मागावर.
मुलाने चूक तशीच उतरवली, नातवाने तशीच,
कुणी खोडली नाही.
त्या चुकांवरून आम्ही नकाशा काढतो,
जाड निळे बाण.
बाणाचे पाय दुखत नाहीत,
बाणाच्या पाठुंगळीला मूल नसतं.

कुरणातल्या बावीस जणांची चूक एकच,
पश्चिमेच्या गवतातून चालत आलेली.
असनकुलची निराळी.
ती बोट दाखवते पार अमूर नदीकडे,
जिकडे चोरोच्या कुळातलं कुणी कधी गेलं नाही.

मी वाचून दाखवलं. तो चहा ओतत राहिला,
वाटी अर्धीच, म्हणजे पाहुण्याने अजून बसावं.
मग म्हणाला, तोकोई.
सोळा सालच्या पळापळीत, खिंडीत,
मेलेल्या उंटाच्या आडोशाला सापडला.
दात दोन. नाव कुठून सांगणार?
किदिरने त्याला मेंढीची नळी चोखायला दिली
आणि शेकोटीभोवतीच्या सगळ्यांना सांगितलं,
हा माझ्या हाडाचा.
"तुमच्या यंत्राला ती नळी दिसली का?"

नाही दिसली.

त्याने कागद मागून घेतला,
घडी घालून टोपीच्या अस्तरात सारला.
खोगिरावर बसलेली झानयल, वय नऊ,
मला म्हणाली, मलाही येतात.
तिच्या गालात यातलं अक्षर नाही,
माझ्याही नाही.
ती उभी राहिली:
असनकुल, ओमुर्झाक, बैसाल, तोकोई...
सारीबायपाशी सात भरले.
चोरो गळून गेला होता,
आणि बाहेर कुत्री मेंढ्या वळवून आणत होती.